०७१२, ९८२२, १६००: नागपुरात नव्याने आलेल्यांसाठी फोन नंबर वाचायची रीत

"भाऊ, हा नंबर लागूनच नाही राहिला." जून-जुलैत हे वाक्य मी दुकानात रोज ऐकतो. कॉलेजच्या प्रवेशाला, मेडिकलमध्ये भरती असलेल्या नातेवाइकाला भेटायला, नाहीतर मिहानमधल्या नव्या नोकरीसाठी नागपुरात उतरलेला माणूस, हातात चिठ्ठी आणि चिठ्ठीवर नंबर. फोन चांगला असतो, रिचार्जही मारलेलं असतं. घोटाळा नंबर वाचण्यात असतो.

बर्डीजवळ, म्हणजे सीताबर्डीच्या बाजाराजवळ, माझं आधी पिवळ्या पाटीचं एसटीडी-पीसीओ होतं, पैसे देऊन बाहेरगावी फोन लावायचं दुकान. रात्री उशिरा पाव दरात बोलायला हॉस्टेलची पोट्टे रांग लावायची आणि सगळ्यांचे डोळे मीटरच्या लाल आकड्यांवर असायचे. तिथे एक आकडा चुकला तर पैसे जायचे, म्हणून लोक नंबर नीट वाचायचे. आता चुकीचा नंबर फुकट लागतो. आणि चुकीच्या माणसाचा फोन उचलला तर जे जातं ते मीटरवर दिसत नाही. त्यामुळे नंबरातल्या कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हे शिकून घेतलेलं बरं. क्रमाने सांगतो. जे येत असेल ते गाळून पुढे जा.

पहिली पायरी: बोटांना कीपॅड शिकवा

फोनच्या कीपॅडवर बारा बटणं असतात. वर १-२-३, मग ४-५-६, मग ७-८-९, आणि तळाला स्टार, शून्य, हॅश. कॅल्क्युलेटरवर आणि कॉम्प्युटरच्या आकड्यांच्या पट्टीवर याच्या उलट, वर ७-८-९ असतात. इतवारीतले एक व्यापारी काका माझं जुनं गिऱ्हाईक. न बघता कॅल्क्युलेटर चालवणारा माणूस. त्यांचा हात फोनवरही तसाच चालायचा आणि ०७१२ ऐवजी ०१७८ लागायचं. बटणांची जागा मनात आणून बघा, सात आणि एक यांची अदलाबदल होते, दोनच्या जागी आठ येतो, मधली ओळ तेवढी शाबूत राहते. ०१७८ ने हिमाचलातले काही कोड सुरू होतात. काकांना धान्याचा भाव हवा असायचा गंजातला, आणि हात निघायचा सिमल्याच्या दिशेने. हिशेबाच्या कामात मुरलेल्या माणसाने फोन लावताना बोटांवर न सोडता डोळ्यांनी बघून लावावा.

ही मांडणी अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये ठरली. आधीच्या फोनना गोल तबकडी होती. बटणं आणायची तर ती कशी मांडायची, यासाठी त्यांनी माणसं बसवून वेगवेगळ्या रचनांवर नंबर लावून घेतले, कुठे वेग जास्त आणि चुका कमी ते पाहिलं, आणि तीन-तीनच्या ओळी व खाली शून्य हे पक्कं केलं. १९६३ साली पेनसिल्व्हेनियात बटणांचा फोन गिऱ्हाइकांच्या हाती आला. तेव्हा बटणं दहाच होती. स्टार आणि हॅश काही वर्षांनी आले.

पाचाच्या बटणावर बोट फिरवा, बारीक उंचवटा लागेल. अंधारात किंवा नजर अधू असेल तर तिथून मोजायचं: वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. काचेच्या फोनवर ही सोय नाही. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बटणांचाच फोन बरा पडतो, हे मी दुकानदार असूनही सांगतो.

बटणांवरची इंग्रजी अक्षरं शोभेची नाहीत. दोनवर ए-बी-सी, तीनवर डी-ई-एफ, चारवर जी-एच-आय, पाचवर जे-के-एल, सहावर एम-एन-ओ, सातवर पी-क्यू-आर-एस, आठवर टी-यू-व्ही, नऊवर डब्ल्यू-एक्स-वाय-झेड. एखाद्या जाहिरातीत नंबराऐवजी शब्द दिला असेल तर अक्षर ज्या बटणावर आहे तो आकडा दाबायचा. नागपूर हा शब्द इंग्रजी स्पेलिंगने दाबला तर ६२४७८७ होतो. रोजचा उपयोग मात्र वेगळाच आहे. बऱ्याच स्मार्टफोनमध्ये डायलरवर नावाची अक्षरं दाबली की साठवलेलं नाव वर येतं. 'आई' इंग्रजीत ए-ए-आय असं साठवलं असेल तर २२४ दाबा. 'बाबा'ला चार वेळा दोन. शंभर नावांची यादी सरकवत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

दुसरी पायरी: नंबर उतरवून घेताना

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि याला फोन जबाबदार नाही.

पहिली भानगड पाटीवरच्या आकड्यांची. आपल्याकडे रिक्षाच्या पाठीवर, खानावळीच्या फळ्यावर, रूम भाड्याने असल्याच्या कागदावर नंबर देवनागरीत असतो किंवा इंग्रजीत असतो. देवनागरीतला एक लांबून इंग्रजी नवासारखा दिसतो. देवनागरी चार हा इंग्रजी आठाचा भाऊ, फक्त डोकं उघडं. देवनागरी पाच घाईत लिहिला की इंग्रजी चार होतो. इंग्रजी माध्यमातून आलेली आणि बाहेरच्या राज्यातली पोरं इथे हमखास फसतात. यावर माझा उपाय असा: पहिला आकडा बघा. आपल्या देशात मोबाइल नंबर सहा, सात, आठ किंवा नऊनेच सुरू होतो. सुरुवातीलाच इंग्रजी नवासारखी आकृती असेल तर तो नऊच, कारण एकाने सुरू होणारा दहा आकडी मोबाइल नसतो. पहिल्या आकड्यावरून लिपी कळली की उरलेले नऊ त्याच लिपीत वाचा.

दुसरी भानगड कानाची. "तीन पाच" म्हणजे काय? कोणी पस्तीस लिहितो, कोणी तीन वेळा पाच. दोन्ही बरोबर, आणि नंबर मात्र एकच बरोबर. "दोन शून्य" म्हटलं की तोच प्रकार. म्हणून एकच आकडा पुन्हा पुन्हा येत असेल तर "डबल शून्य", "ट्रिपल पाच" म्हणा, किंवा सरळ "पाच, पाच, पाच".

जोडीने सांगायची आपली सवय छान आहे, अठ्ठ्याण्णव बावीस असं म्हटलं की नंबराला चाल येते. पण एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद या चौघांनी किती लोकांना रस्त्यावर आणलं असेल! एकोणसत्तर ऐकलं की हात आधी सातच लिहितो. त्यात नागपूरची बोली अर्धी हिंदी. समोरचा "नवासी" म्हणतो तेव्हा त्याला एकोणनव्वद म्हणायचं असतं, आणि नव्याण्णव ऐकणारे मी पाहिलेत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" म्हणायची पद्धत दिली तेव्हा राज्यभर हसू आणि भांडण दोन्ही झालं. भाषेचं काय व्हायचं ते होवो, फोन नंबर सांगताना मी त्या पुस्तकाच्या बाजूचा आहे. जोडाक्षरी संख्या सोडा, एकेक आकडा सुटा म्हणा.

लिहून झालं की उलट वाचून दाखवा. आणि मोजा. दहा भरले नाहीत तर डायल करूच नका.

तिसरी पायरी: ०७१२ म्हणजे पत्ता

लँडलाइन नंबराचा पहिला तुकडा गाव सांगतो. नागपूरचा एसटीडी कोड ०७१२. त्यापुढे सात आकडे. पहिलं शून्य हे "मी गावाबाहेर फोन लावतोय" एवढंच एक्स्चेंजला सांगणारं, ते सोडलं तर ७१२ आणि सात मिळून दहा होतात. हे दहाचं गणित देशभर चालतं. मुंबईचा कोड ०२२, पुण्याचा ०२०, म्हणजे शून्य सोडून दोन, पुढे आठ. वर्ध्याचा ०७१५२, म्हणजे चार, पुढे सहा. मोठं गाव, छोटा कोड. एखाद्या लँडलाइनचे आकडे असे मोजले की कोणता तुकडा गळालाय ते लगेच दिसतं.

आजूबाजूचे कोड ओळखीचे करून घ्या: अमरावती ०७२१, अकोला ०७२४, भंडारा ०७१८४, गोंदिया ०७१८२, चंद्रपूर ०७१७२, गडचिरोली ०७१३२, यवतमाळ ०७२३२. जिल्ह्यातल्या जिल्ह्यातही कोड वेगळे आहेत. कामठी नागपूरला चिकटलेली, पण तिचा कोड ०७१०९. रामटेक ०७११४, काटोल ०७११२, उमरेड ०७११६.

यात एक गंमत दिसते. पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड सगळे ०२ च्या घरातले. विदर्भ मात्र ०७ च्या घरात, आणि त्या घरात शेजारी कोण? रायपूर ०७७१, जबलपूर ०७६१, भोपाळ ०७५५, इंदूर ०७३१. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आली, १९६० मध्ये महाराष्ट्रात. नकाशे बदलले, पण फोनच्या खानेसुमारीत आम्ही अजून जुन्या शेजाऱ्यांच्याच ओळीत बसलोय. पुण्यातल्या माणसाला ०७ ने सुरू होणारा फोन आला की तो "मध्य प्रदेश दिसतंय" म्हणून उचलत नाही, असं माझ्या भाच्याचं गाऱ्हाणं आहे.

मोबाइलवरून नागपुरातल्या लँडलाइनला लावायचं तर तुम्ही झीरो माइलच्या दगडाला टेकून उभे असलात तरी ०७१२ लागतोच. मोबाइलला गाव नसतं. उलट लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य. १५ जानेवारी २०२१ पासून हा नियम आहे. त्यामुळे नव्या मोबाइल नंबरांसाठी २५४ कोटींहून जास्त जागा मोकळ्या होतात, असं दूरसंचार विभागाने तेव्हा सांगितलं होतं. हॉस्टेलच्या ऑफिसातला फोन उचलून नुसता दहा आकडी नंबर लावाल तर टेप वाजेल, फोन खराब समजू नका.

महाल-इतवारीत जुन्या पाट्यांवर अजून सहा आकडी नंबर दिसतात. या शतकाच्या सुरुवातीला सरकारी लँडलाइनना पुढे २ जोडून सात आकडे केले गेले. तेव्हा पाटी जुनी, दुकान चालू, नंबर सहा आकडी असेल तर ०७१२ आणि मग २ लावून बघा. लागला तर लागला.

चौथी पायरी: मोबाइलचे पहिले चार आकडे म्हणजे आडनाव

इथे माझं आणि बऱ्याच लोकांचं जमत नाही. लोक अजून म्हणतात, "९८२२ आहे ना, म्हणजे जुना, भरवशाचा माणूस."

मुळात ही मालिका अशी होती. भारतात मोबाइल सुरू झाला ३१ जुलै १९९५ ला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. मोबाइल सेवेसाठी देशाचे तुकडे केले गेले, त्यांना सर्कल म्हणतात. मुंबई स्वतंत्र सर्कल, आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरं. नागपूर या दुसऱ्यात. दहा आकड्यांतले पहिले चार बघितले की कंपनी आणि सर्कल दोन्ही कळायचं. आमच्याकडे ९८२२ म्हणजे आधी बिर्ला एटी अँड टी, मग आयडिया. ९८२३ बीपीएल, मग हच, मग व्होडाफोन. ९८९० एअरटेल. ९४२२ बीएसएनएल, ती २००२ मध्ये आली. ९३ ने सुरू होणारा रिलायन्स, ९२ टाटा. नऊ संपत आले तसे आठ, मग सात, मग सहाने सुरू होणारे नंबर आले. पाच वर्षांपूर्वी सहाने सुरू होणारा नंबर दिला तर गिऱ्हाईक परत करायचं, "हा खरा आहे ना भाऊ?" म्हणून. खराच असतो.

मग २० जानेवारी २०११ ला नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर लागू झाली, आणि ३ जुलै २०१५ पासून सर्कल बदललं तरी नंबर नेता येऊ लागला. २०१८ मध्ये आयडिया आणि व्होडाफोन एकच झाल्या. टाटाची मोबाइल सेवा एअरटेलमध्ये गेली. आता ९८२२ वाला माणूस कोणत्याही कंपनीचा असू शकतो आणि कोणत्याही राज्यात राहत असू शकतो. आपल्या आडनावांसारखं झालंय हे. भंडारकर म्हटल्यावर पूर्वज भंडाऱ्याचे असतील असा अंदाज बांधता येतो, पण म्हणून तो माणूस आज भंडाऱ्याला भेटेल असं नाही. पहिले चार आकडे सांगतात की हा नंबर जन्मला कुठे. सध्या कोणाकडे आहे ते सांगत नाहीत.

म्हणून रूम बघायला गेलात आणि दलाल म्हणाला "नंबर नागपूरचाच आहे, बघा ना", तर त्या वाक्याला काडीची किंमत देऊ नका. रूम बघितल्याशिवाय आगाऊ पैसे पाठवू नका. मोबाइलवर राज्याचं नाव दाखवणारी ॲपही याच जुन्या चार आकड्यांवर अंदाज बांधतात.

तुमच्या गावी चालणारी कंपनी इथल्या खोलीत रेंज देत नसेल, तर नंबर बदलू नका, पोर्ट करा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदला. इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट हा शब्द, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, हा एसएमएस १९०० ला पाठवा. आठ अक्षर-आकड्यांचा कोड येईल. आपल्या सर्कलमध्ये तो चार दिवस चालतो, तेवढ्यात नव्या कंपनीच्या दुकानात कोड आणि ओळखपत्र घेऊन जा. सर्कल तेच असेल तर तीन कामाचे दिवस लागतात, बदलत असेल तर पाच. गडचिरोलीहून आलात तर सर्कल तेच. बालाघाट किंवा राजनांदगावहून आलात तर दुसरं. दोन अटी आधीच बघून घ्या: सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले हवेत, आणि हरवलेलं सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस पोर्ट करता येत नाही. ही सात दिवसांची अट १ जुलै २०२४ पासूनची. तुमच्या नावाचं सिम कोणी परस्पर काढून तुमचाच नंबर पळवू नये म्हणून ती आहे, तेव्हा दुकानदारावर चिडू नका. काउंटरवर मीच असतो.

पाचवी पायरी: आखूड नंबर आणि धंद्याचे नंबर

तीन-चार आकडी नंबरांना कोड लावायचा नाही, जसेच्या तसे दाबायचे. पोलिस, आग, दवाखाना, काहीही असो, ११२ एवढा एक लक्षात असला तरी चालतं. रुग्णवाहिकेला १०८. बाईमाणसाला त्रास होत असेल तर १०९१ किंवा १८१, लहान मुलांसाठी १०९८. रेल्वेची चौकशी १३९. गॅस गळत असेल तर १९०६, आणि तो फोन घराबाहेर येऊन करा. महावितरणची तक्रार १९१२, ज्याची मे महिन्यात पंखा बंद पडला की आठवण येते. ऑनलाइन पैसे गेले तर १९३०, आणि तोही लगेच, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे असतात.

१८०० ने सुरू होणारा नंबर फुकट. १८६० दिसायला त्याचा भाऊ, पण त्यावर पैसे लागू शकतात.

आता येणाऱ्या फोनांचं. १४० ने सुरू होणारा फोन म्हणजे काहीतरी विकायला आलेला. १६०० ही मालिका बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांच्या कामाच्या फोनांसाठी २०२४ मध्ये ठेवली गेली. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी "बँकेतून बोलतोय" म्हणाला तर बोलणं तिथेच थांबवा आणि पासबुकावरच्या किंवा कार्डामागच्या नंबरावर स्वतः फोन लावा. १६०० आला तरी ओटीपी सांगायचा नाहीच. विकणाऱ्यांचे फोन नकोच असतील तर १९०९ ला फोन करून ते बंद करून घेता येतात.

एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक इंग्रजी अक्षर असतं, तेही वाचा: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. बँकेच्या नावाचा मेसेज साध्या मोबाइल नंबरावरून आला असेल तर त्यातल्या लिंकला हात लावू नका.

सहावी पायरी: फोन चालू असताना बटण दाबणं

"मराठीसाठी तीन दाबा" म्हटलं की तुम्ही दाबता आणि पलीकडचं यंत्र समजतं. कसं? प्रत्येक बटणाला दोन सूर आहेत, एक ओळीचा आणि एक उभ्या रांगेचा. एक दाबला की ६९७ आणि १२०९ हर्ट्झचे सूर एकत्र वाजतात. खालच्या ओळीत गेलात की पहिला सूर बदलतो, बाजूच्या रांगेत गेलात की दुसरा. दोन्ही ओळखले की बटण कळलं. बाजाच्या पेटीतल्या दोन पट्ट्या एकदम दाबाव्यात तसं.

हे सांगायचं कारण, बोलणं चालू असताना तुम्ही जे दाबता ते पलीकडे पोचतं. "मला सांगू नका, फक्त कीपॅडवर पिन दाबा" असं म्हणणारा माणूस पिन मागतोच आहे. तोंडाने सांगितलं काय आणि बोटाने सांगितलं काय. "दोन तासांत तुमचा नंबर बंद होणार, थांबवण्यासाठी नऊ दाबा" हा फोनही तसलाच. ट्राय, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, कोणाचे नंबर बंद करायला फोन करत नाही. नऊ दाबला की तुम्ही सावज आहात एवढं त्यांना कळतं आणि मग एक "अधिकारी" लाइनवर येतो. फोन ठेवून द्या.

स्टार आणि हॅशने सुरू होणारे कोड नेटवर्कला हुकूम देतात. कुरिअरवाला, लग्नपत्रिका द्यायला आलेला किंवा कोणीही *२१* किंवा *४०१* आणि पुढे एखादा मोबाइल नंबर दाबायला सांगत असेल तर तो तुमचे येणारे फोन स्वतःकडे वळवून घेतोय. त्यात ओटीपी सांगणारे फोनही गेले. आधीच दाबून बसला असाल तर *#२१# लावून वळवलेलं आहे का बघा, आणि ##००२# लावून सगळं वळवणं रद्द करा. माझ्याकडे एक मावशी आल्या होत्या, दोन दिवस फोन वाजला नाही म्हणून बॅटरी बदलायला. बॅटरी ठणठणीत होती.

बटण दाबायचं कामाचंही असतं. मोठ्या दवाखान्यात किंवा ऑफिसात मुख्य नंबर लागल्यावर तीन-चार आकडी एक्स्टेन्शन मागतात. दरवेळी ते दाबण्यापेक्षा नंबर साठवतानाच शेवटी पॉज घालून एक्स्टेन्शन लिहा. साध्या फोनवर स्टार पुन्हा पुन्हा दाबला की 'पी' येतो, तोच पॉज. स्मार्टफोनमध्ये मेनूत असतो. आणि कानाला लावलेल्या फोनची काच काळी होऊन कीपॅड गायब झाला तर घाबरू नका, फोन कानापासून दूर धरला की परत दिसतो.

सातवी पायरी: अधिकचं चिन्ह

शून्य दाबून धरलं की + येतं. साध्या फोनवर स्टार दोनदा. +९१ म्हणजे भारत. गावाकडचे नंबर साठवताना सुरुवातीचं शून्य काढून +९१ लावून ठेवा, मग कुठूनही लागतात: ०७१२ चा नंबर +९१ ७१२ होतो. शून्य आणि +९१ दोन्ही एकत्र ठेवू नका.

आपल्याला ९१ मिळाला तसे शेजाऱ्यांना ९२ पाकिस्तान, ९३ अफगाणिस्तान, ९४ श्रीलंका, ९५ म्यानमार. नेपाळ ९७७, बांगलादेश ८८०. +९२ चा व्हॉट्सॲप कॉल आणि चित्रात वर्दीतला साहेब असेल तर समजून घ्या. आपल्याकडचा पोलिस +९१ सोडून दुसरीकडून फोन कशाला करेल? ओळख नसलेल्या परदेशी नंबरचा मिस्ड कॉल आला तर परत लावू नका, तो महागात पडू शकतो. आणि + नसेल तर ९२ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर आपल्याकडचाच असतो, तेवढ्यावरून भिऊ नका. मघाशी सांगितलं, टाटाचे जुने नंबर ९२ चेच.

शेवटची पायरी: कागद

फोनमध्ये सगळे नंबर आहेत म्हणून कोणाचाच पाठ नाही. बर्डीच्या गर्दीत फोन गेला की आईला कोणत्या नंबरावर कळवायचं, हे पोरांना आठवत नाही आणि ते माझ्या काउंटरशी गप्प उभे राहतात. आज रात्री एका कागदावर घरचे दोन नंबर, रूममालकाचा एक, असे लिहा, एकेक आकडा सुटा सुटा, एकाच लिपीत. मग *#०६# दाबा. पडद्यावर पंधरा आकड्यांचा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, येईल, दोन सिमचा फोन असेल तर दोन येतील. तेही त्याच कागदावर उतरवा, चौकीत तक्रार लिहिताना आणि हरवलेला फोन ब्लॉक करताना पहिल्यांदा तेच विचारतात. घडी घालून पाकिटात ठेवा. फोनच्या कव्हरमध्ये नको. तिथे ठेवणारेही भेटलेत मला.